हौशी बाप

सांगलीत हौशी बाप ओळखायला सोपा. गणपती कृष्णेत गेले, पितृपंधरवडा सरत आला, की बाकीचे बाप सहामाहीच्या अभ्यासासाठी पोरांच्या मागं लागतात. हा शाळेच्या मागं लागतो. "बाई, औंदा काय बसवताय?" बाईंनी काही बसवायचं ठरवलेलं नसतं. पण याच्या डाव्या खिशातून फेविकॉल आणि उजव्या खिशातून मुकुटाचं माप बाहेर आलेलं असतं.

आमच्या शेजारचे बापू हे यातलं अस्सल वाण. नोकरी पतसंस्थेत, जीव विंगेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, हे सगळा महाराष्ट्र पुस्तकात वाचतो. बापू ते घरातल्या कार्यासारखं सांगतात. "नाट्यपंढरी आहे ही, लगा. पंढरीत राहून टाळ वाजवायचा नाही होय?" बापूंना स्वतःला कुणी कधी टाळ दिला नाही, म्हणून त्यांनी तो चिरंजीवांच्या गळ्यात अडकवला. चिरंजीव चौथीत. गणितात हुशार. वर्गापुढं उभं राहायचं म्हटलं की पोटात दुखतं.

भाव्यांना चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा राजाश्रय होता, बापूंना वहिनींचा आहे. आप्पासाहेब १८५१ साली वारले, आश्रय आटला आणि भाव्यांना नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. हा इतिहास बापूंनीच एकदा जेवताना वहिनींना रंगवून सांगितला. तेव्हापासून जरीच्या कागदाला पैसे मागितले की वहिनी भाजी परतता परतता म्हणतात, "आप्पासाहेब वारले म्हणून समजा."

हंगामाची सुरुवात हादग्यानं होते. पूर्वी हस्त नक्षत्र लागलं की सोळा दिवस फेर चालायचा, रोज एकेक खिरापत वाढायची. आता शाळा हे सगळं एका शनिवारी सकाळी उरकते. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांच्या माळा, आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची. सांगलीच्या पोरी पहिलं नाव भडंगाचंच घेतात आणि निम्म्या वेळा जिंकतात. बापूंनी चंग बांधला की आपला डबा कुणाला ओळखू द्यायचा नाही. रात्री जागून खास वड्या थापल्या, डबा फडक्यात बांधून फ्रीजमध्ये लपवला, सकाळी पोराबरोबर स्वतः घेऊन गेले. पोरींनी लाडवांपासून लोणच्यापर्यंत सगळं म्हणून बघितलं. डबा हलवला तर वाजेचना. शेवटी "हरलो" म्हणाल्या. बापूंनी विजयी मुद्रेनं झाकण काढलं. आत वहिनींनी रात्री मळून ठेवलेली चपातीची कणीक होती. वड्या घरी आजोबांनी चहाबरोबर संपवल्या होत्या, आणि "जरा गोड जास्त झाल्यात" असा अभिप्रायही देऊन ठेवला होता.

असल्या प्रसंगानं खचेल तो हौशी बाप नव्हे. आठच दिवसांत वेशभूषा स्पर्धा आली. स्टेजवर शिवाजी महाराज सात, सावित्रीबाई पाच, झाशीची राणी खऱ्या तलवारीसाठी रडत असलेली. बापू म्हणाले, "आपण गावाचं काहीतरी दाखवायचं." सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि मार्केट यार्डात बापूंची ओळख आहे, एवढ्या दोन गोष्टींवर पोराचं हळकुंड झालं. वहिनींनी पिवळा रंग आणून दिला होता. पण नकली रंग लावून गावाचं नाव घालवायचं का? बापूंनी यार्डातली उत्तम हळद आणली, टिकावी म्हणून तेलात कालवली आणि पोराला कपाळापासून टाचेपर्यंत माखला. हळकुंडाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ज्या रिक्षातून ते गेलं, त्या रिक्षाच्या सीटलाही मिळायला हरकत नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन, घाम, वर तेल, हळद मुरली. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, शेजारणींनी सांगितलेलं सगळं झालं. सोमवारी सहामाहीचा पहिला पेपर. पर्यवेक्षक बाईंनी पिवळा चेहराबिहरा बघितला आणि कावीळ म्हणून पोराला वेगळ्या बाकावर बसवून बापूंना फोन केला. घरच्या डॉक्टरांनी पोराचा हात नाकाशी नेला आणि वहिनींना म्हणाले, "औषध काही नको. आठवडाभर आमटीत हळद कमी घाला, याचा हात लागला तरी भागेल." उत्तरपत्रिका परत आली तेव्हा गणितात पैकीच्या पैकी होते, आणि कोपऱ्यात बाईंचा शेरा होता : 'नीटनेटकेपणाकडे लक्ष द्यावे.'

पण हे सगळं पूर्वरंगातलं. खरं आख्यान म्हणजे ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात मोठमोठ्या नटांना भावे गौरवपदक देतात. शाळेनं त्या निमित्तानं 'सीतास्वयंवर' बसवलं होतं. वर्गात चाळीस पोरं आणि पालक सगळे जागरूक, त्यामुळं स्वयंवराला वानरसेना ठेवावी लागली. स्वयंवरात वानरं कुठली, असं कुणीतरी विचारलंच. बापू म्हणाले, "राम एवढा लग्नाचा झालाय, म्हणजे वानरं कुठंतरी असणारच की. आधी बोलावली, एवढंच." चिरंजीव तिसऱ्या रांगेतले वानर. संवाद नसल्यामुळं खूश.

शिवधनुष्य करायचं काम बापूंनी मागून घेतलं. थर्माकोलला बंदी, लाकूड जड, पुठ्ठा वाकतो. मग जिल्ह्यात मुबलक काय? ऊस. को ८६०३२ चं चांगलं कांडं निवडलं, विस्तवावर शेकून बाक दिला, सोनेरी कागद गुंडाळला, दोरी ताणली. धनुष्य असं देखणं झालं की मुख्याध्यापकांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग ते विंगेत भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच विंगेत, पाहुण्यांची भाषणं संपायची वाट बघत, दुपारपासून उपाशी वानरसेना बसली होती.

पडदा उघडला. जनकराजा गरजला, "आणा रे ते शिवधनुष्य!" सेवकांनी तबकातून एक सोनेरी कागद, एक दोरी आणि बराच चोथा आणला. सभागृह गप्प. रामानं चोथ्याकडं बघितलं, सीतेनं रामाकडं. जनकाचा बाप तिसऱ्या रांगेतून ओरडला, "पुढचं म्हण!" पण पुढचं सगळं धनुष्यावरच अवलंबून होतं. तेव्हा विंगेतून "अललडुर्रर्र!" अशी आरोळी आली आणि गळ्यात मापाची टेप, अंगात पतसंस्थेचा सफारी अशा वेशात बापू स्टेजवर उतरले. भाव्यांच्या नाटकात राक्षस असेच ओरडत यायचे, हे त्यांना पाठ होतं. "धनुष्य मी खाल्लं! आता काय करतोस, रामा?" राम गोंधळला, पण रामाच्या हातात गदेइतकी जड अशी माइकची दांडी होती. ती त्यानं घातली. राक्षस पडला, वानरसेना नाचली, सीतेनं गडबडीत माळ घातली, आणि टाळ्या अशा पडल्या की पाहुण्यांनी पुन्हा दोन शब्द बोलायची इच्छा व्यक्त केली.

बापू कपाळाला टेंगूळ घेऊन घरी आले. वहिनींनी त्यावर तेल-हळद लावली, घरात उरली होतीच. चार दिवसांनी पोराच्या डायरीत मुख्याध्यापकांची सूचना आली : 'यापुढील कार्यक्रमास आपल्या पाल्यास एकट्यालाच पाठवावे.'

बापूंनी ती सगळ्या गल्लीला वाचून दाखवली. "बघा," ते म्हणाले, "पोराला एकपात्री दिलं!"