डीव्हीडी ड्राइव्ह न दिसण्याबाबत सविस्तर व सकारण खुलासा

स्लाव, इंग्लंड
नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप तात्या व सौ. आई यांचे चरणी बालकाचा सहकुटुंब शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संगणकाचे मुख्य भाग बदलून नवे बसवले असता पूर्वी सुरळीत चालणारा एखादा जुना भाग त्या संगणकाच्या नोंदीतून गायब होतो, आणि या प्रकारास त्या व्यवसायातील लोक ‘ड्राइव्ह डिटेक्ट होत नाही’ असे म्हणतात. वस्तू जागेवर असते, बटण दाबताच तिचा ट्रे बाहेर येतो, पुढचा बारीक दिवा लुकलुकतो, आणि तरीही संगणकाच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. हा विषय फोनवर समजावण्याचे सर्व प्रयत्न ‘नीट लिहून कळव’ या आज्ञेने संपुष्टात आल्यामुळे, आणि पोलादपूरच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झालेल्या तीर्थरूपांना गाडी का सुटली नाही याचे कारण लेखीच लागते हे घरात सर्वश्रुत असल्यामुळे, प्रस्तुत पत्र खुलाशाच्या स्वरूपात सादर होत आहे.

चांगला चालणारा संगणक मुळात उघडला कशाला, हा आईचा प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि त्यापुढील विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय व पुरेसा नवा प्रोसेसर आवश्यक ठरवला. घरच्या संगणकापाशी यांपैकी काहीच नसल्यामुळे मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकीचे सर्व भाग जोडले जातात तो मोठा पाट, प्रोसेसर व मेमरी हे तिन्ही बदलणे भाग पडले. कॅबिनेट आणि डीव्हीडी ड्राइव्ह मात्र ‘चालतंय ना, मग असू दे’ या महाडच्या घरातून सोबत आलेल्या धोरणानुसार जुनेच ठेवण्यात आले, ज्याविषयी सूनबाईंचे मत वेगळे आहे व ते त्यांनी वेळोवेळी मांडलेले आहे.

हा ड्राइव्ह फेकून का दिला नाही, याचे उत्तर २००६ साली महाडास झालेल्या लग्नाच्या चित्रफितीत आहे. मूळ कॅसेट तळमजल्यावरील लोखंडी कपाटात होत्या आणि २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले तेव्हा कपाटासकट चिखलात गेल्या. उरली ती इंग्लंडात आणलेली एकुलती एक डिस्क. अशा घरगुती डिस्कवर माहिती नोंदवली जाते ती रंगद्रव्याच्या एका पातळ थरावर, आणि हा थर ऊन, उष्णता व काळ यांनी हळूहळू खराब होत असल्यामुळे तिची नक्कल वेळेत काढून ठेवणे शहाणपणाचे असते. तथापि घाईचे खरे कारण रंगद्रव्य नसून पोलादपूरच्या आत्याबाई आहेत, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. लग्नात आपल्याला पैठणी नव्हे तर साधी साडी देण्यात आली, असे त्यांचे गेली एकोणीस वर्षे म्हणणे आहे, आणि ‘सीडीत बघा, कळेल’ असे आव्हान आईने त्यांना गणपतीत जाहीरपणे दिलेले आहे.

ड्राइव्ह दिसत नसल्याची वार्ता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर जाताच निदानांचा वर्षाव झाला. बिरवाडीच्या भाच्याने विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे प्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीतील, अपरफिल्टर्स व लोअरफिल्टर्स या दोन नोंदी पुसण्याचा सल्ला दिला. येथील एका दुकानदाराने आता डिस्क वापरतो कोण असे उलट विचारले. आत्याबाईंनी जे होते ते बऱ्यासाठीच असे कळवले. भाच्याचा उपाय खोटा नाही, कारण डिस्क लिहिणारी जुनी सॉफ्टवेअर काढल्यावर त्या नोंदी मागे राहून ड्राइव्ह खरोखरच दिसेनासा होऊ शकतो; परंतु तो उपाय केव्हा लागू पडतो हे आधी ठरवावे लागते. संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी बायॉस ही मदरबोर्डातील मूळ आज्ञावली जागी होते आणि कोणकोणते भाग जोडलेले आहेत ते पाहते. तिच्या यादीत ड्राइव्ह असेल व विंडोजमध्ये नसेल तर दोष विंडोजचा. तिच्याच यादीत नसेल तर विंडोजमध्ये कितीही पुसापुशी केली तरी व्यर्थ. येथे तो बायॉसच्याच यादीत नव्हता.

ट्रे बाहेर येतो म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत आहे, हा समज मात्र दूर केला पाहिजे. साटा पद्धतीच्या ड्राइव्हला दोन वेगळ्या केबल लागतात, पंधरा टोकांची रुंद केबल विजेची आणि सात टोकांची अरुंद केबल माहितीची; ट्रे हलतो तो केवळ विजेवर, त्यामुळे माहितीची वाट बंद असली तरी ट्रे आज्ञाधारकपणे आतबाहेर करत राहतो. माहितीची केबल नवी घातली, तीच मदरबोर्डावरील पाचव्या पोर्टातून, म्हणजे जोडणीच्या खोबणीतून, काढून शेजारच्या सहाव्यात लावली, तरीही यादी रिकामीच राहिली.

उलगडा अखेर झाला तो मदरबोर्डाच्या पुस्तिकेत, पोर्टांच्या तक्त्याखाली छापलेल्या बारीक टिपेत. नव्या मदरबोर्डावर एम.२ नावाची चपटी खाच असते, तिच्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारा भाग, बसते, आणि घरी घेतलेली एसएसडी किमतीच्या मोहाने साटा पद्धतीची होती. अशी एसएसडी त्या खाचेत बसवली की पाचवे व सहावे पोर्ट बंद होतात, असे टीप सांगत होती, कारण त्यांचा मार्ग सामाईक आहे. महाडकडून आलेली बस पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाऊ शकते किंवा कशेडीकडून खेडला, पण पाटी एकच लावता येते, हे तीर्थरूपांना कोणी सांगायला नको. केबल ग्राफिक कार्डाआड दडलेल्या दुसऱ्या पोर्टात घातल्यावर बायॉसने ड्राइव्हचे नाव तत्काळ दाखवले.

त्यानंतरही चित्र दिसेना, कारण डीव्हीडीवरील चित्रपट चालवण्याची सोय हल्लीच्या विंडोजसोबत येत नाही; व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर घालताच मंगलाष्टके ऐकू आली, आणि महाडच्या उकाड्यात बाशिंग सावरणारे स्वतःचे वडील पाहून नात सोफ्यावरून घसरली.

साडीविषयीचा पुरावा तपासला असता असे आढळते की, ओटी भरण्याच्या प्रसंगी आत्याबाईंच्या हाती साडी नसून साडीचे खोके आहे, ते बंद आहे, आणि त्या ते उघडू लागताच छायाचित्रकाराने कॅमेरा बँडवाल्यांकडे वळवलेला आहे.

डिस्कच्या नकला दोन पेन ड्राइव्हवर काढल्या असून नाताळात गावी येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवत आहे. आईने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावण्यापूर्वी आत्याबाई पोलादपुरातच असल्याची खात्री करून घ्यावी. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
बालक, सूनबाई व नात