चावा, मग बोला

नारळ पचत नाही, ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. आरतीनंतर खोबऱ्याचा तुकडा हातावर पडतो, माणूस तो दोनदा चघळतो आणि गिळून मोकळा होतो. रात्री पोट जड, सकाळी पांढरे कण जसेच्या तसे बाहेर. खापर फुटतं ते नारळावर. हे मला अजिबात पटत नाही. दोष आपल्या घाईचा आहे.

जून खोबऱ्याचा तुकडा मोडा आणि मोडलेल्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला तेलकट ओल लागते. ती फक्त फुटलेल्या पेशींमधली असते, बाकीचं तेल अजून आत कोंडलेलंच. या पेशींच्या भिंती मुख्यतः मॅनन आणि सेल्युलोज यांच्या असतात आणि त्या विरघळवणारा पाचकरस माणसाच्या पोटात नाही. भिंत फोडायची ती दातांनी, नाहीतर खवणीने, पाट्याने. न फोडता गिळलेला तुकडा आतलं तेल घेऊन तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचा थोडाफार भाग आंबवतात, मग गुबारा धरतो. शहाळ्याच्या मलईचं असं होत नाही, कारण तिच्या भिंती कोवळ्या असतात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या हातांनी केलं आहे. विळीच्या टोकाच्या खवणीवर वाटी फिरवताना पांढरा मऊ कीस पडत राहतो. करवंटीजवळ तपकिरी, चिवट पाठ लागली की जाणती बाई तिथेच थांबते. मग वाटायचं, कोमट पाणी घालायचं, फडक्यातून घट्ट पिळायचं. तेल रसात उतरतं, चोथा फडक्यात राहतो. त्यात कोकमाचं आगळ पडलं की सोलकढी झाली. जेवण जिरावं म्हणून आपण जी पितो, ती याच जून नारळाची! मिक्सरमध्ये अर्धवट फिरवलेलं वाटण मात्र दोन बोटांत चोळून पाहा. कण टोचले तर अजून फिरवा.

आता प्रमाणाचं. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 33 ग्रॅम चरबी, 9 ग्रॅम तंतू आणि साडेतीनशे कॅलरी असतात. सुक्या खोबऱ्यात तीच चरबी 65 ग्रॅमच्या आसपास जाते. ओल्याच्या हिशेबाने सुकं खाल्लं तर पोट तक्रार करणारच.

आणि ‘खोबरं खा, वजन उतरवा’ सांगणाऱ्यांना एक खडा सवाल. तुम्ही ज्या मध्यम साखळीच्या चरबीचे गोडवे गाता, तिच्यात 8 आणि 10 कार्बनची आम्लं असतात. खोबरेल तेलातलं जवळपास निम्मं आम्ल आहे 12 कार्बनचं लॉरिक, आणि त्याचा बराच भाग नेहमीच्या चरबीच्याच वाटेने रक्तात जातो. मग एकाचे गुण दुसऱ्याला का चिकटवता? पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांवरच्या लोकांचा दाखलाही तुम्ही देता. 1981 साली छापून आलेल्या अभ्यासानुसार त्यांना निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून मिळायची आणि हृदयविकार त्यांच्यात कमी होता, हे खरं. पण ते नारळ अख्खा खात, तंतूंसकट, जोडीला मासे. बाटलीतलं तेल चहात ओतणाऱ्याला तो दाखला लागू पडत नाही. 2017 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने खोबरेल तेल खाऊ नका असं सांगितलं, कारण त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. तो सल्ला तेलाबद्दल होता. त्यावरून आमटीतलं चमचाभर खोबरं बंद करायला लावणारेही तितकेच उतावळे.

माझं मागणं मंडळांकडे आणि पूजा घालणाऱ्या घरांकडे आहे. प्रसादाचं खोबरं खवून वाटा. खिरापतीत सुकं खोबरं किसूनच घालतात, मग ओल्याच्या बाबतीत आळस कशाला? रांगेत कवळीवाले आजोबा असतात, दात हलणाऱ्या आजी असतात. देवाचं म्हणून ते नाही म्हणत नाहीत, चावता येत नाही म्हणून गिळतात. लहान पोरांच्या हातात तर तुकडा देऊच नका, घशात अडकतो. त्यांना चिमूटभर खवलेलं द्या, वर थोडी साखर.