हेवी म्हणजे किती ग्रॅम?

करोल बाग, दिल्ली
सोमवार (बाजार बंद, म्हणून पत्र)

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

धाकटीच्या लग्नासाठी ‘गळ्यातलं हेवी बघा’ हा तुझा निरोप पोचला. आपल्या विट्याकडेही भारी जाऊन हेवी आलं म्हणायचं! इथं तर या हेवीनं नुसता उच्छाद मांडलाय.

परवा सौ.ला घेऊन अजमल खाँ रोडवर घागरा बघायला गेलो. दुकानदाराचा पहिलाच सवाल, “हेवी दिखाऊँ या लाइट?” हेवी म्हणजे अंगभर जरदोजी. सौ. उचलायला गेली, तर दुकानातली दोन पोरं मदतीला धावली. किंमत ऐकून मी मात्र जागेवरच लाइट झालो. बाहेर ई-रिक्षावाला म्हणाला, “बैठो जी, हेवी ड्राइवर हूँ.” कायद्यात बारा हजार किलोच्या वरच्या मालट्रकला हेवी म्हणतात; याची रिक्षा आम्ही दोघं नि पिशव्या एवढ्यावरच कण्हत होती. पण इथं हेवी ड्रायव्हर म्हणजे पट्टीचा. आपलं ‘लय भारी’ तेच. शिवाय छोले-भटुरे खाऊन पोट हेवी आणि सणाला डिस्काउंटही हेवी.

कायद्यासारखंच मोजूनमापून हेवी म्हणतं ते हवामान खातं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच हेवी. त्या हिशेबानं आपल्या दुष्काळी भागात हेवी म्हणून वरातीतला डीजेच तेवढा.

खरी गंमत सराफीत आहे. “लाइट वेट में हेवी लुक” हा इथला मंत्र. दिसायला गळाभर, तागडीत चिमूटभर. मागं एक गिऱ्हाईक बीडनपुऱ्यातल्या आपल्या गलाईच्या दुकानात असाच कुंदनाचा चोकर मोडायला घेऊन आलं. खडे काढले, मुशीत घातला, टाकणखार टाकला. आतली लाख धूर होऊन गेली आणि तळाशी राहिला हरभऱ्याएवढा सोन्याचा मणी. तो माणूस माझ्या तोंडाकडं असा बघायला लागला, की बाकीचं जणू मीच गिळलं. दादानं शांतपणे काटा त्याच्यापुढं सरकवला नि म्हणाला, “साहब, इसको अंग्रेज़ी नहीं आती.”

तर आई, नीट विचार करून सांग. मांडवात मिरवायला पाहिजे, का अडीनडीला मोडायला? मिरवायला असेल तर लूक घेतो, पैसे वाचतील. पण विहीणबाई हार तळहातावर घेऊन जोखणाऱ्यातल्या असतील, तर भरीव सोनंच घ्यावं लागेल. हॉलमार्कच्या ९१६ वर जाऊ नकोस. तो आकडा बावीस कॅरेटची शुद्धता सांगतो, वजन नाही.

उत्तरात हेवी, भारी, भरगच्च असलं काही लिहू नकोस. ग्रॅम लिही.

तुझा
मधला