अर्थमंत्री बाबा

मूल आठेक वर्षांचं झालं की घरात एक नवं खातं निघतं आणि बाबा त्याचे मंत्री होतात. एरवी हे गृहस्थ साधे. भाजीवालीशी घासाघीस करायला लाजतात आणि स्वतःची विमा पॉलिसी कशासाठी काढली हे बायकोला विचारतात. पण ‘आर्थिक साक्षरता’ हे शब्द कानांवर पडले की त्यांच्या अंगात वारं शिरतं. आठवड्याला 100 रुपये खाऊचे पैसे मंजूर होतात. त्यातले 40 बचतीला, 20 गुंतवणुकीला, 10 दानधर्माला, 20 आकस्मिक निधीला. उरलेले 10 मुलाने मनाप्रमाणे उडवायचे, फक्त आधी विचारून. तळलेलं नको, रंगीत नको आणि शाळेच्या फाटकाबाहेरचं तर नकोच नको. शंभराचा धनी चिंचेच्या गोळीला महाग!

माझं म्हणणं असं, की या मंत्र्यांनी मुलाला पैसे अजून दिलेलेच नाहीत, नुसता हिशेब दिला आहे. एक वस्तू घेतली की दुसरी हातची जाते, हे ज्याला कळलं त्याला पैसा कळला; आणि ते कळायला पैसे वाया घालवण्याची मुभा लागते. 50 रुपयांचा स्लाइम दोन दिवसांत वाळून खडखडीत झाला, की मुलाला जे उमगतं ते वहीतल्या जमाखर्चाने उमगत नाही. मंत्री मात्र तो स्लाइम दुकानातच परत ठेवायला लावतात. धडा स्लाइमबरोबर तिथेच राहतो.

बचतीची गोडी लागावी म्हणून ते महिन्याला 10 टक्के व्याज जाहीर करतात, ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसी योजना. चक्रवाढीचं गणित त्यांनीच शिकवलेलं असतं. मूल दिवाळीत मामाने दिलेले 1,000 रुपये मुकाट्याने ठेवीत टाकतं आणि वर्षाअखेरीस 3,138 मागतं. मग बाबांना जागतिक मंदी आठवते आणि दर रातोरात निम्म्यावर येतो. ‘दर लिहून घ्यायला हवा होता’ हे मुलाला त्या दिवशी कळतं, आणि अख्ख्या योजनेतलं खरं शिक्षण तेवढंच. कर्जवाटपाची तर बातच और. सायकलच्या घंटीसाठी कर्ज, करारावर सही, दरमहा हप्ता. आपला करार कायदा 1872चा. अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरीबीबी खटल्यात सांगून टाकलं. त्यात सावकाराचे पैसे बुडाले. इथला सावकार निदान ऋणकोचं दप्तर ओळखतो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो दरपत्रकाने. अंथरुणाची घडी 5 रुपये, पाण्याच्या बाटल्या भरणं 2, आजोबांचा चष्मा शोधून देणं 1. ‘कष्टाची किंमत कळते’ हा त्यावरचा बचाव. पण कळते ती कष्टाची किंमत की कष्ट टाळण्याची? इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड बसवला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. पैसे मोजले की संकोच संपतो. दंड रद्द केल्यावरही उशीर कमी झाला नाही. दिवाळीनंतर मूल ‘आज नको, माझ्याकडे आहेत पैसे’ म्हणत आजोबांना आंधळं ठेवतं, ते याच न्यायाने. बिनचूक अर्थशास्त्र!

‘मोकळीक दिली की पोरं बिघडतात’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. फसव्या जाहिराती आहेत, फोनवरच्या खेळांत पैसे उकळणारे सापळे आहेत. तंबाखू, जुगार, अंगाला धोका अशा गोष्टींना नाही म्हणणं हे बापाचं कामच आहे. पण बेचव कुल्फी हा धोका नव्हे. दहा-वीस रुपयांची चूक नवव्या वर्षी होऊन गेलेली बरी; पंचविसाव्या वर्षी तीच चूक क्रेडिट कार्डावर होते. कोणी म्हणेल, ही सुखवस्तू घरांची चैन. खरं आहे. जिथे खाऊचे पैसे नसतात, तिथलं मूल रोज वाण्याकडे जातं, तेलाचा भाव सांगतं, सुटे मोजून आणतं. मंत्र्यांच्या घरात भाव दिसतच नाही. कोड स्कॅन होतो आणि डबा वाजतो. शिवाय रात्री साडेअकराला बाबा स्वतः जे पार्सल मागवतात, ते कोणत्या निधीतून, हे वहीत कधीच येत नाही. मुलं वहीपेक्षा पार्सलाकडे जास्त लक्ष देतात.

रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची वाट मोकळी केली. रकमेला मर्यादा असते, पण काढलेल्या पैशांचं काय केलं हे बँक विचारत नाही. तेव्हा मंत्रिमहोदय, 100 जड जात असतील तर 30 द्या. पण दिल्यावर ते कुठे गेले, हे विचारू नका.