प्रौढ नवसाधकाचे व्हायोलिन : नवी मुंबई परिसरासाठी स्वयंशिक्षणाचे काही नियम

प्रस्तुत विवेचनात ‘प्रौढ नवसाधक’ ही संज्ञा अशा व्यक्तीस लावली आहे, जिचे गृहकर्ज बव्हंशी फिटले आहे, जिची अपत्ये बारावीच्या पलीकडे सुखरूप पोहोचली आहेत, जिच्या गुडघ्यांनी अद्याप पूर्ण असहकार पुकारलेला नाही, आणि जिला एखाद्या रविवारी, कोणतेही सबळ कारण नसताना, आपणही व्हायोलिन वाजवू शकू असा साक्षात्कार झालेला आहे. ही व्यक्ती नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे किंवा खारघर येथे एखाद्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर राहते असे गृहीत धरले आहे. स्वतंत्र बंगला असणाऱ्यांना पुढील नियमांपैकी निम्मे नियम लागू नाहीत, आणि त्यांच्याविषयी येथे सहानुभूतीही नाही.

स्वयंशिक्षण म्हणजे गुरूवाचून घेतलेले शिक्षण. नवी मुंबईत त्याचे समर्थन करणे तसे अवघड आहे, कारण विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू याच शहरात, वाशी येथे उभी आहे, आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारापर्यंतच्या ज्या परीक्षांना देशभरचे विद्यार्थी बसतात त्या याच मंडळाच्या आहेत. तरीही नवसाधक वाशीला जातो तो भाजी घेऊन परततो, आणि घरी आल्यावर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एखाद्या परदेशस्थ शिक्षकाची चित्रफीत लावतो. विचारले असता तो वेळेचे कारण सांगतो. खरे कारण असे की प्रारंभिकच्या वर्गात त्याला आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसावे लागेल आणि त्यांतील एखादे मूल त्याच्यापेक्षा चांगले वाजवील. (एखादे नव्हे, सगळीच वाजवतील.)

या निवडीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून नवसाधक पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचा दाखला देतो, कारण व्हायोलिन त्यांनी मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केले असे सांगितले जाते. दाखला चांगला आहे, मात्र बुवा गायक अंतूबुवा जोशींच्या घरात जन्मले होते, ग्वाल्हेर घराण्याची गायकी त्यांच्या कानांवर पाळण्यापासून पडत होती, आणि व्हायोलिन हाती आले तेव्हा काय वाजवायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. नवसाधकाला ते ठाऊक नसते, त्याला केवळ कसे दिसायचे आहे हे ठाऊक असते.

वाद्यखरेदीसाठी मुंबईतील धोबी तलावाच्या दुकानांत प्रत्यक्ष जावे, घरबसल्या मागवू नये. स्वस्त वाद्याचा दोष बहुधा लाकडात नसून जुळवणीत असतो: घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, फार उंच असते आणि खुंट्या त्यांच्या छिद्रांत नीट बसलेल्या नसतात, हे दोन दोष दुकानात दूर करून मिळतात, कुरियरवाल्याकडून मिळत नाहीत. परतीच्या हार्बर लोकलमध्ये शेजारचा प्रवासी पेटीकडे पाहून ‘गिटार का?’ असे विचारतो. होकार द्यावा.

घरी आल्यावर पेटी उघडून, कुटुंबीयांना समोर बसवून, गज तारेवरून ओढला असता काहीही ऐकू येत नाही. वाद्य सदोष निघाले असे समजून ते परत करण्याची घाई करू नये. नव्या गजाच्या केसांना राळ लावलेली नसते, आणि हे केस घोड्याच्या शेपटीचे असोत वा कृत्रिम, राळेवाचून ते तारेवरून नुसते घसरतात. वाद्यातून ध्वनी निघण्याची क्रिया अशी आहे की राळेमुळे केस तारेला धरून ओढतात, ताण वाढताच तार निसटते, पुन्हा धरली जाते, आणि पांढरी दोनच्या मध्य षड्जात हे धरणे-निसटणे सेकंदाला सुमारे २९४ वेळा घडते. राळेची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असल्याने तिच्यावर आधी पॉलिश पेपर हलकेच घासावा, मग गज तिच्यावरून धीराने फिरवत राहावा. केसांना बोटे लावू नयेत. घरातील प्रत्येक जण लावतो.

बैठकीविषयी दोन मते आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरतो. भारतीय पद्धतीत तो मांडी घालून बसतो, वाद्याचे मागचे टोक छातीशी वा खांद्याशी टेकवतो आणि पुढचा वळलेला माथा उजव्या पावलावर ठेवतो. दुसऱ्या पद्धतीत वाद्याचा भार पावलावर गेल्याने डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, सुकर होते, म्हणून ती शास्त्रदृष्ट्या उजवी ठरते. परंतु पन्नाशीनंतर अर्धा तास मांडी घालून बसल्यावर उठणे हाच एक स्वतंत्र अभ्यासक्रम असल्याने नवसाधक बहुधा उभा राहतो आणि त्याला तत्त्वनिष्ठा म्हणतो.

तारा जुळवताना भारतीय पद्धत स्वीकारावी, ज्यात जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना बहुधा षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि वरचा पंचम असे स्वर येतात, आणि त्यामुळे खालच्या दोन तारांवर बोटे जशी पडतात तशीच वरच्या दोन तारांवर एका सप्तकाच्या अंतराने पडतात. पाश्चात्त्य जुळणीत ही सवलत नाही. खुंटी पिळताना घोडी हळूहळू पुढे कलते, ती दर वेळी पाहून सरळ करावी. चारही तारा एकाच वेळी काढू नयेत, कारण वाद्याच्या पोटात उभी असलेली लहानशी लाकडी दांडी केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते, आणि ती पडली तर पुन्हा धोबी तलाव.

सतारीला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात, व्हायोलिनला काहीही नसते. तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि खुल्या तारेपासून पहिल्या कोमल स्वराचे अंतर दोन सेंटिमीटरांहूनही कमी भरते, म्हणून बोट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे पडले तरी स्वर बेसूर होतो. यावर उपाय म्हणून कोणी बोटांच्या जागी रंगीत चिकटपट्ट्या लावतात, कोणी स्वर दाखवणारे ॲप समोर ठेवून त्याचा दिवा हिरवा होण्याची वाट पाहतात. दोन्ही उपायांनी डोळा शिकतो आणि कान तसाच राहतो. तानपुरा लावावा, ॲपमधला असला तरी चालेल, आणि पहिला महिना-दोन महिने फक्त खुल्या तारेवर लांब गज ओढावा: घोडी आणि बोटांखालच्या पट्टीचे टोक यांच्या मधोमध, तारेशी काटकोनात, आरशासमोर उभे राहून, उजव्या हाताचा अंगठा ताठ न करता. गज फार दाबून हळू ओढला तर तार करवादते, पुरेसा भार न देता वेगाने ओढला तर शीळ घालते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी षड्ज असतो आणि तो पहिल्यांदा सापडतो त्या संध्याकाळी नवसाधक जेवायला उशिरा येतो, कशावरही बोलत नाही, आणि भाजीत मीठ कमी असल्याचेही त्याच्या लक्षात येत नाही. त्याला त्या दिवशी काही विचारू नये. एवढे सुख मिळवायला माणसाने दोन महिने हास्यास्पद होण्याची तयारी दाखवली, हे काही थोडे नाही.

हवामानाचा विचार येथे अपरिहार्य आहे, कारण हे वाद्य खाडीकाठच्या पावसाळ्यासाठी घडवलेले नाही. जून उजाडताच खुंट्या सिडकोच्या घरांतील दारांसारख्या फुगून बसतात, गजाचे केस ओलाव्याने लांबतात आणि स्क्रू कितीही फिरवला तरी पुरेसे ताणले जात नाहीत. रात्री वातानुकूलन यंत्र चालू राहिले की हवा कोरडी होऊन त्याच खुंट्या सैल पडतात आणि सकाळी चारही तारा लोंबताना दिसतात. घसरत्या खुंटीला फळ्यावरचा साधा खडू लावावा. वाद्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस उष्णता व दमटपणा यांना घाबरतो, म्हणून पेटी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये, ‘दोन मिनिटे’ सुद्धा नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र १० वाजता सुरू होते. वादकाच्या डाव्या कानाशी व्हायोलिनचा ध्वनी ८० डेसिबलच्या सहज वर जातो, तेव्हा भिंतींची जाडी विचारात घेणे इष्ट. घोडीवर बसवण्याचे रबरी म्यूट मिळते. त्याने शेजारी शांत राहतात. मात्र गजाचा खरखराट त्यात दडत असल्याने म्यूट काढल्यावर नवसाधकाला स्वतःचीच ओळख पटत नाही. सोसायटीच्या सचिवांना विश्वासात घ्यावे. ते ‘नियमात बसवू’ म्हणतात, याचा अर्थ ते ऐकत आहेत आणि सोसत आहेत.

शेजारच्या सदनिकेत एक तमिळ कुटुंब आणि त्यात व्हायोलिन शिकणारी तिसरी-चौथीतील मुलगी असण्याची शक्यता नेरूळमध्ये बरीच आहे. ती रोज सकाळी सरळी वरिसै, म्हणजे पुरंदरदासांच्या नावे सांगितले जाणारे चढत्या-उतरत्या स्वरांचे प्राथमिक पाठ, मायामालवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या स्वरांत, वाजवते, आणि तिचा कोमल ऋषभ नवसाधकाच्या स्वयंपाकघरात अचूक येऊन पडतो. लिफ्टमध्ये भेट झाल्यावर ती एकदाच म्हणते, “अंकल, तुम्ही बो दाबता. दाबायचा नाही, नुसता ओढायचा.” हे शिक्षण गुरुमुखातून मिळाल्याने येथे स्वयंशिक्षणाच्या व्याख्येचा भंग होतो, तथापि लिफ्टमध्ये मिळालेली विद्या मोजू नये असा संकेत आहे.

चित्रफितींविषयी थोडे. गज कसा धरावा, अंगठा कुठे ठेवावा, अमुक राळ आणि तमुक राळ यांत फरक काय, हे पाहण्यात नवसाधक रात्रीचे दीड-दोन तास घालवतो आणि त्याची नोंद मनातल्या मनात रियाज म्हणून करतो. अहो, त्यातला अर्धा तास जरी गज ओढला तरी पुष्कळ आहे. पण नाही, आधी खांद्याची नवी उशी मागवायची, मग हनुवटीची, मग तारांचा संच, आणि सगळे आले की पुन्हा चित्रफीत.

वाजवायचे काय, हा प्रश्न नवसाधकाने खरेदीपूर्वीच सोडवलेला असतो. प्रभाकर जोगांच्या ‘गाणारे व्हायोलिन’ने मराठी भावगीते ज्यांच्या कानांत एकदा बसली, त्यांना पलटे वाजवण्यात रस राहत नाही, आणि एन. राजम यांचे गायकी अंगाचे वादन ऐकल्यावर तर आपणही थेट विलंबित ख्यालाने सुरुवात करावी असे वाटते. या दोन्ही मोहांपासून पहिली दोन वर्षे दूर राहावे, आणि भूपाचे पाच स्वर पुरेत.

सार्वजनिक वादनाचा प्रारंभ सोसायटीच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी करावा, कारण टाळ, झांजा, टाळ्या आणि सगळ्या मजल्यांवरचे कंठ एकत्र आल्यावर व्हायोलिन कोणालाही ऐकू येत नाही, आणि वादक मात्र सर्वांना दिसतो. आरती संपली की प्रसाद घेण्याआधी गजाचा स्क्रू सैल करावा. भाद्रपदात हवा अजून दमट असते आणि ताणलेल्या गजाची काठी वाकडी होते.