प्राग पाहावे पाठमोरे

परदेशी जाऊन इमारती पाहण्याची जुनाट पद्धत जिओकॅशिंगने, म्हणजे लपवलेल्या डब्या जीपीएसने हुडकण्याच्या खेळाने, मोडीत काढली, हे फार बरे झाले. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ऑरेगॉनमधल्या एका गृहस्थाने झाडीत बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उपग्रहांना एकदाचे लायक काम मिळाले.

अशा शोधाच्या सुट्टीसाठी प्राग उत्तम. तिथल्या जाणकारांचे सल्ले शिरोधार्य मानावेत: चिमटा जवळ ठेवा आणि बाकाखाली चाचपताना बुटाची नाडी बांधत असल्याचा आव आणा. १४१० सालचे खगोलीय घड्याळ तासाला वाजू लागले की सगळी गर्दी वर बघते. नेमके तेव्हाच खाली वाकावे. नखाएवढी चुंबकी डबी हाती लागते. आतल्या कागदाच्या सुरळीवर नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तिथे चिकटवायची. सगळे फुकट! खर्च काय तो विमानाचा आणि हॉटेलचा.

आता नगरपालिकेनेही थोडे सहकार्य करावे. चार्ल्स पुलावरचे तीस पुतळे शोधकार्यात नाहक लक्ष विचलित करतात. त्यांवर ताडपत्री घालावी. शेंगेन व्हिसाच्या अर्जातही प्रवासाचा हेतू म्हणून 'सही करणे' हा पर्याय हवा.

परतल्यावर कुणी विचारलेच, की प्रागमध्ये काय पाहिले, तर ताठ मानेने सांगावे: पन्नास अंश पाच मिनिटे उत्तर.

आणि हो, पेन घरूनच न्या. एवढ्याशा डबीत ते मावत नाही.