गादी मळली नाही ना, शेठजी?

प्रति,
साडी-दुकानाचे मालक,
सक्करदरा, नागपूर

विषय : आपली गादी न मळल्याबद्दल अभिनंदन

मा. शेठजी, स. न. वि. वि.

वैशाखातल्या त्या मंगळवारी मी मावशीला घेऊन आपल्याकडे आलो होतो. लग्नाच्या आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या. "या जी, बसा" म्हणत आपण पोराला थंड आणायला पिटाळलंत. आपल्या माणसानं पाऊण तासात चाळीसेक साड्या उलगडल्या, एकीचा पदर तर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. अकरा साड्या बाजूला निघाल्या. मावशीला शुगर आहे म्हणून थंडाची बाटली तशीच समोर राहिली. बिलाला हात घालणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाप्पा, डोळ्यापुढं अंधारी आली," आणि बसल्या जागी कलंडली.

त्यानंतरची आपली चपळाई मी विसरणार नाही. आपण आधी पैठणी उचललीत, मग कांजीवरम, मग सिल्कचा तो अख्खा ढीग. कुणाला आधी वाचवायचं याचा हिशेब इतक्या घाईतही चुकला नाही. "गादीवर नका निजवू, माल आहे!" हे आपलं पहिलं वाक्य. दुसरं, "हार्टचं तर नाही ना? बाहेर घ्या, बाहेर हवा लागंल."

हवा! २३ मे २०१३ ला ज्या गावाचा पारा ४७.९ वर गेला, त्या गावच्या भर दुपारची हवा. २०२४ च्या मे अखेरीस तर एका यंत्रानं इथं ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं नंतर यंत्रातच बिघाड असल्याचं सांगितलं, पण नागपूरकराला तो आकडा अशक्य वाटला नव्हता. तर त्या हवेत, फुटपाथवर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर आपण मावशीला ताठ बसवलंत. भोवती वीस माणसांचं कडं. आपल्या सेल्समननं हुंगवायला चप्पल आणली. फिट आलेल्यालाही चप्पल हुंगवून काही होत नाही आणि मावशीला तर फिट आलीच नव्हती. पण सेवाभाव म्हणून मी त्याची नोंद करतो.

शेठजी, भोवळ आलेल्या माणसाला करायचं तरी काय असतं? सपाट निजवायचं, पाय फूटभर वर ठेवायचे म्हणजे रक्त डोक्याकडे जातं, गळ्याशी कपडा सैल करायचा, गर्दी हटवायची, शुद्ध येईपर्यंत तोंडात काही ओतायचं नाही. मिनिटाभरात माणूस सावरलं नाही, तर १०८ ला फोन. ती ॲम्ब्युलन्स २०१४ पासून महाराष्ट्रात फुकट येते. बरं, मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आपल्या दुकानापासून दोन-तीन किलोमीटरवर. आता आपलं दुकान आठवा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, पायाखाली घ्यायला लोड, डोक्यावर पंखा, समोर कूलर, हाताशी आठ धडधाकट माणसं. एवढी सोय घरी कुणाकडे असते? गादी साड्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही, एवढंच काय ते आमच्या लक्षात आलं नाही.

गल्ल्याच्या वर आपण पाटी लावली आहे, ग्राहकाचा महिमा सांगणारी, खाली गांधीजींचं नाव. आता ते वाक्य गांधीजींच्या लेखनात अभ्यासकांना सापडलेलं नाही, हे जाऊ द्या. पण इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथं १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले होते, कुष्ठरोगानं अंग झडलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. "बाहेर घ्या" असं सांगणारे तेव्हाही कमी नसतील. आणि तेवढ्या लांब तरी कशाला? ज्यांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं होतं, त्या संत ताजुद्दीन बाबांना रघुजीराजे भोसल्यांनी १९०८ साली सोडवून आणलं ते याच सक्करदऱ्यातल्या स्वतःच्या वाड्यात. आपल्याला मात्र एका बाईसाठी सहा फूट गादी जड झाली. अर्थात राजांना गिऱ्हाईक सांभाळायचं नव्हतं.

आपली भीती मला कळते. "काही झालं तर दुकानाचं नाव येईल." रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, नाव सांगायची सक्ती करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पक्कं केलं, पुढं २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं. म्हणजे मावशीला चौकात ट्रकनं उडवलं असतं तर लोक जास्त निर्धास्तपणे धावले असते. ती आपल्या दुकानात साड्या निवडत होती, हीच तिची चूक.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरली होती. सकाळी गोळी घेऊन ही बाई उपाशी खरेदीला निघाली होती. भानावर आल्यावर तिला घोटभर गोड हवं होतं, म्हणजे नेमकं तेच थंड. मी आत आलो तर आपला पोरगा न फोडलेली बाटली परत फ्रिजमध्ये ठेवत होता. बिल झालं नव्हतं ना! शेवटी रसवंतीवाल्यानं गाडा सोडून उसाचा रस आणला, पिशव्यांनी सावली धरली आणि मी खिशात हात घातला तर म्हणाला, "राहू द्या जी."

दोन दिवसांनी मीच येऊन त्या अकरा साड्यांचं बिल केलं. लग्न तोंडावर होतं, दुसरीकडे शोधायला वेळ नव्हता. आपण अगत्यानं विचारलंत, "मावशी बऱ्या आहेत ना? थंड घेता काय?"

साड्या फॉल-पिकोला दिल्या आहेत. बुधवारी मिळतील, असं आपण लिहून दिलं आहे. मावशी स्वतः न्यायला येणार म्हणते, आमचं ऐकत नाही. तेव्हा या खेपेस तिला अंधारी आलीच, तर गादीवर पडू द्या. बिल झालेलं आहे, पावती सोबत आणतो.

आपला,
अकरा साड्यांचं गिऱ्हाईक